भिंतीचा ताप

मुलं त्यांना ‘बाकी सर’ म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. पण शाळेत ठेवलेली नावं ज्याची त्याला कळतातच. गणित शिकवताना प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ते फळ्यावर खडू टेकवून विचारायचे, "मग बाकी किती?" भागाकार असो, क्षेत्रफळ असो, नाहीतर नुसती हजेरी. अंगाने किडकिडीत, चालणं घाईचं, आणि शर्टाच्या खिशावर कायम पांढरी धूळ. लग्न केलं नव्हतं. शाळेजवळच्या एका इमारतीत थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. ताई निवृत्त नर्स. वॉर्डात रुग्णांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना दटावण्यात जन्म गेलेला; ती सवय निवृत्तीनंतर जाणार कुठे? सगळीच्या सगळी धाकट्या भावाच्या वाट्याला आली होती.

झाडापानांशी सरांचं काही देणंघेणं नव्हतं. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं ते विसरायचे आणि ताईची बोलणी खायचे. त्यामुळे पर्यावरणाचा तास त्यांच्याकडे आला तो काही आवडीने नव्हे. तो विषय शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळी शाळा त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणायची. ज्याला त्याला एकदम वह्या तपासायची घाई झाली. सरांना मान खाली घालायला जरा उशीर झाला, इतकंच.

"पुस्तकात सगळं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "वाचून दाखवलंत तरी चालेल."

सरांनी वाचून दाखवलं. सातवीचा वर्ग जेवणानंतर पेंगत ऐकायचा. झाडे आपले मित्र आहेत. पाणी हे जीवन आहे. पृथ्वी आपली माता आहे. मुलं ‘हो’ म्हणायची, घंटा झाली की पळायची.

मग शाळेचं वार्षिक प्रदर्शन आलं. सातवीच्या मुलांनी ‘वने वाचवा’ नावाचा देखावा केला. थर्माकोलचे डोंगर, प्लास्टिकची झाडं, चकचकीत निळ्या कागदाचं तळं, आणि तळ्याकाठी पाणी पिणारं एक हरीण. मुलं कितीतरी दिवस खपली होती. परीक्षक बाकी सरच. त्यांनी पहिला क्रमांक दिला, मोठ्या बाईंनी पाठ थोपटली, पालकांनी फोटो काढले.

सुटीनंतर शाळा भरली तेव्हा सर नेहमीप्रमाणे पर्यावरणाचा धडा वाचत होते. मागच्या खिडकीतून धूर येऊ लागला. काळा, घशाला झोंबणारा. मुलं खोकायला लागली. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. ती इतके प्रश्न विचारायची, की वर्गाने तिचं नावच ‘प्रश्नावली’ ठेवलं होतं. ती उठून बाहेर डोकावली आणि म्हणाली, "सर, आपलं जंगल जळतंय."

वर्ग हसला. मग एकेक जण खिडकीशी गेला आणि हसू विरलं. शाळेच्या मागच्या बाजूला शिपाई काठीने ढीग हलवत होता. डोंगर वितळून काळे थेंब गळत होते. हरीण कुठेच दिसत नव्हतं.

सर तरातरा खाली गेले. काय बोलायचं ते जिना उतरताना ठरवलं होतं, पण त्याआधी शिपायानेच घाम पुसत सांगितलं, "दरवर्षीचंच आहे, सर. ठेवणार कुठं एवढं? भंगारवाला पण घेत नाही हे."

त्याचं काय चुकलं होतं? जे टाकून द्यायचंच होतं ते करायला लावलं कोणी, आणि त्याला बक्षीस दिलं कोणी? सर जिना चढून वर आले, पण त्या तासाला पुढचा परिच्छेद काही त्यांच्याने वाचवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

"आज वाचायचं नाही. आपल्या शाळेत काय चुकतंय ते सांगा. घोषणा नकोत, चित्रं नकोत. खरं काय ते सांगा."

असं कोणी विचारलंच नव्हतं कधी. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उकडतं."

वर्ग फिस्सकन हसला. पण सर हसले नाहीत, कारण त्यांच्या पाठीवरूनही घामाच्या धारा लागल्या होत्या. सातवीची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. डोक्यावर उघडं छत, पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात. जेवणानंतर ती भिंत इतकी तापायची, की त्या बाजूची मुलं बाकं सरकवून मधल्या रांगेला चिकटायची. पंखा गरगर फिरायचा आणि गरम हवाच सगळ्यांना सारखी वाटून द्यायचा. सातवीत जाणं म्हणजे भट्टीत जाणं, असं धाकट्या वर्गातली पोरं म्हणायची.

"एसी लावू या, सर," एकजण म्हणाला.

"लावला तर आपण गार होऊ. पण आतली उष्णता बाहेर टाकणार, ती कोणाच्या खिडकीवर?"

मुलांनी विचार केला. "खालच्या. सहावीच्या."

"माझा भाऊ सहावीत आहे," प्रश्नावली म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "मग काही हरकत नाही."

त्या दिवशी सर सातवीसमोर पहिल्यांदा मोकळेपणी हसले असतील.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. प्रयोगशाळेतून तापमापी आणल्या. एक भिंतीला, एक छताखाली, एक खालच्या व्हरांड्यात. मुलं पाळीपाळीने वाचन घ्यायची, आणि गणिताच्या तासाला सर त्याच आकड्यांच्या सरासऱ्या काढायला लावायचे. मुलांना एक नवल कळलं. भिंत सगळ्यात जास्त तापायची ती भर दुपारी नव्हे, तर शाळा सुटायच्या सुमाराला. आणि ऊन उतरल्यावरही ती आत उष्णता सोडतच राहायची. छताचं तर बोलायलाच नको.

घरी सर हे सगळं जेवताना सांगायचे. ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "जन्मभर मी माणसांचा ताप बघितला. आता तू भिंतींचा बघ. औषध काय देणार आहेस?"

औषध ठरलं चुना. पांढरा रंग ऊन परतवतो, हे तर मुलांच्या पुस्तकातच होतं. मोठ्या बाईंनी कुरकुरत परवानगी दिली. सरांनी आणि शिपायाने मिळून छतावर चुन्याचे हात मारले, मुलांनी जिन्यावरून बादल्या पोचवल्या. खोलीत फरक पडला. फार नाही, पण छताखालची तापमापी खाली आली तेव्हा मुलांनी असा काही जल्लोष केला, की शेजारच्या वर्गातले सर रागावून आले.

आणि मग एका दुपारी ध्यानीमनी नसताना जोराचा पाऊस कोसळला. घाईघाईने लावलेल्या चुन्याचे पोपडे सुटले, ते वाहत जाऊन पन्हळीच्या तोंडाशी बसले, आणि छतावर पाणी तुंबलं. ते बरोबर चित्रकलेच्या खोलीत झिरपलं. तिथे चित्रकलेच्या बाईंनी मुलांची आतापर्यंतची सगळी चित्रं रचून ठेवली होती.

चित्रकलेच्या बाई ओरडल्या नाहीत. त्या ओल्या कागदांचा एक गठ्ठा उचलून सरांसमोर उभ्या राहिल्या. कागदांतून निळं-तांबडं पाणी ठिबकत होतं. "ही माझी चित्रं नाहीत हो," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सरांना परवडलं असतं.

मोठ्या बाईंनी मात्र सुनावले. "हौस पुरे झाली. आता गणित शिकवा." शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हळूच विचारलं, "मग बाकी किती?" आणि खसखस पिकली. सर चहा तसाच ठेवून उठले.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सांगितलं, "मी हा तास सोडून देतो. मला काही येत नाही यातलं."

ताई भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "एका रोग्याला औषध लागू पडलं नाही म्हणून आम्ही वॉर्ड बंद करत नव्हतो, धाकट्या. पण त्याच्या घरच्यांसमोर तोंड लपवत पण नव्हतो. उद्या आधी त्या बाईंकडे जा."

सर गेले. माफी मागितली आणि विचारलं, "यातली वाचतील तेवढी वाचवू या का?" बाईंनी वर्गाकडे पाहिलं. मुलं दारात घुटमळत उभी होती.

सातवीच्या खोलीबाहेर, पश्चिमेच्या भिंतीला लागून, खालच्या मजल्याची एक चिंचोळी गच्ची होती. मुलांनी तिथे भिंतीसमोर दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून चित्रं वाळत घातली. घरं, होड्या, मांजरं, एका मुलीने काढलेली स्वतःची रागावलेली आजी, असं सगळं ओळीने फडफडत होतं. काही वाचली, काहींचे रंग एकमेकांत मिसळून गेले. बाई एकेक चित्र पाहत फिरल्या आणि डाग पडलेल्या एका होडीपाशी थांबून म्हणाल्या, "ही आधीपेक्षा बरी दिसतेय." तेव्हा कुठे सरांचा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी प्रश्नावली बाकावरून हात वर करून म्हणाली, "सर, ही भिंत गार लागतेय."

"गार?"

"म्हणजे रोजच्यासारखी नाही. जिथं बाहेर चित्रं आहेत तिथं. तिकडे पुढे चित्रं नाहीत, तिकडे भाजतेय."

सगळा वर्ग भिंतीला हात लावायला धावला. सरांनीही लावला. पोरगी बरोबर बोलत होती. ऊन भिंतीवर पोचण्याआधीच कागदांनी अडवलं होतं. रंगापेक्षा सावली सोपी होती, आणि ती छतावरून वाहून खाली कोणाच्या खोलीत उतरणार नव्हती.

पण कायम काय टांगणार? कापड लावलं तर फाटणार, प्लास्टिक लावलं तर पुन्हा तेच. "वेल," कोणीतरी म्हणालं. दोरीवर चढणारा, दाट पानांचा वेल. मग प्रश्न आला पाण्याचा. सातवीच्याच मजल्यावरच्या व्हरांड्यात बेसिन होतं; त्यावर दीडशे पोरं हात धुवायची, ते पाणी थेट गटारात. बेसिनपासून गच्चीपर्यंत नळी नेली, मध्ये खडी-वाळूचं पिंप ठेवलं, तर वेलासाठी वेगळा नळ सोडायला नको. सरांनी कागदावर आकृती काढली. पुष्कळ वर्षांत इतकी चांगली झोप त्यांना लागली नव्हती.

मुलांनी खाली अंगणात वाळू चाळून पिंपाचा प्रयोगही सुरू केला. पण इकडे मोठ्या बाई ऐकायला तयार नव्हत्या, आणि तिकडे प्रश्नावलीचे वडील शाळेत येऊन धडकले. ते वकील. बोलणं अदबीचं, पण एकेक शब्द टाचणीसारखा.

"सर, माझी मुलगी शाळेत शिकायला येते. वाळू चाळायला नाही. परीक्षेत वाळूवर प्रश्न येणार आहे का?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकांची सभा घेऊ आणि काय तो निकाल लावू." सभा नेहमी खालच्या मोठ्या खोलीत, सकाळी व्हायची. सर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सातवीचा प्रश्न आहे, तर सातवीच्या वर्गातच घेऊ या का? दुपारी. सकाळी पालकांना कामं असतात."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. डाव त्यांच्या लक्षात आला असावा. पण त्या हो म्हणाल्या.

सभेला वर्ग भरला. मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून कशीबशी बसली. वकीलसाहेब कोर्टातून तसेच आले होते, काळ्या कोटासकट, आणि त्यांच्या नशिबी भिंतीकडचं बाक आलं. चित्रं केव्हाच उतरवली होती. थोड्याच वेळात जो तो हातातल्या प्रगतिपुस्तकाने वारा घेऊ लागला.

"पंखा जरा वाढवा हो," एक आजोबा म्हणाले.

"पूर्ण आहे," सर म्हणाले.

"मग खिडक्या तरी उघडा."

"उघड्याच आहेत."

एक आई पदराने कपाळ टिपत म्हणाली, "मुलं इथं बसतात?"

"रोज. याच वेळी आमचा गणिताचा तास असतो."

नुसता प्रगतिपुस्तकांचा आवाज. सरांनी भाषण तयार केलं होतं, ते त्यांनी खिशातच ठेवलं आणि प्रश्नावलीला फळ्याकडे बोलावलं. तिने बेसिन काढलं, नळी काढली, पिंप काढलं, आणि उतार किती ते गुणोत्तर मांडून दाखवलं.

"एवढाच उतार का?" वकीलसाहेबांनी विचारलं. साक्षीदाराला विचारावं तसंच.

"जास्त दिला की पाणी पिंपाच्या बाहेर उडतं, बाबा. कमी दिला की साबण साचतो आणि वास मारतो. आम्ही खाली अंगणात दोन्ही करून बघितलं. माझ्या मोज्यांना वास येत होता, तुम्ही विचारलं होतंत, तो त्या दिवसाचा."

वर्गभर हशा पिकला. वकीलसाहेबांनी कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "पिंप विटांवर ठेवा. खालची फरशी दिसली पाहिजे. गळती झाली तर लगेच कळेल." विरोध मागे घेतो असं ते म्हणाले नाहीत. पण ते कोणी म्हणायची गरजही उरली नव्हती. पालक संघाने छतासाठी पाणी न झिरपणारा पांढरा रंग लावून द्यायचं मान्य केलं, आणि मोठ्या बाईंनी अट घातली ती एकच: पन्हळीचं तोंड दर आठवड्याला साफ झालं पाहिजे.

भंगारातली जुनी पाण्याची टाकी कापून तिच्या आडव्या कुंड्या केल्या. विटांवर ठेवल्या. चित्रकलेच्या बाईंनी दोऱ्या कशा ताणायच्या ते मुलांना दाखवलं, कारण त्यांना त्या वाकड्या बघवेनात. वेल लागला, पहिल्या दोरीला धरून वर निघाला. बेसिनवर मुलं मुद्दाम दोनदोनदा हात धुऊ लागली, तेव्हा सरांना ‘वेल बुडेल’ म्हणून ओरडावं लागलं.

आणि दिवाळीची सुटी लागली. शाळा बंद, म्हणजे हात धुणारं कोणी नाही, म्हणजे पाणी नाही. ही गोष्ट आकृतीत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सर सुटीत सहज म्हणून गेले तर पानं कुरकुरीत होऊन गळलेली. ते तसेच घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले.

"कोण गेलं?" ताईने विचारलं.

"वेल."

"नाडी बघितलीस?"

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? देठ मोडून बघितलास का, आतून हिरवा आहे का?" तिने चपला पायात सरकवल्या. "ऊठ. चल. तू पाणी घालतोस की झाडाला पाढे शिकवतोस, ते मलाच बघू दे."

गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर जिना बांधणाऱ्याला शिव्या देत ती वर पोचली. नखाने एकेक देठ खरवडला. बहुतेक वाळले होते. दोन कुंड्यांतले बुडाशी हिरवे निघाले. ताईने वाळलेलं सगळं कापायला लावलं आणि सुटी संपेपर्यंत भावाबरोबर रोज येत राहिली. शिपाई गेट उघडता उघडता म्हणायचा, "राउंडवर आल्या का?" मग मुलांपर्यंत बातमी गेली, आणि जी गावात होती ती आपणहून पाळ्या लावून येऊ लागली. पाणी बाटलीने, डब्याने, जसं जमेल तसं.

शाळा उघडली तेव्हा दोन्ही बुंध्यांना कोवळे, तांबूस शेंडे फुटले होते. पुढे त्यांच्याच फांद्या कापून बाकीच्या कुंड्यांत लावल्या. उन्हाळ्यापर्यंत भिंतीचा बराच भाग पानांनी झाकला. सगळा नाही, पन्हळीच्या पाइपाजवळ वेल काही केल्या चढायला तयार झाला नाही, तिथे अजूनही भिंत उघडी आहे. सुरवंट वर्गात आले, किंकाळ्या झाल्या, एक गणिताचा तास त्यातच गेला. पण दुपारी भिंतीला पाठ टेकून बसता येऊ लागलं, आणि पेंगणारी मुलं आता कंटाळ्याने पेंगत होती, उष्म्याने नाही. सरांना हा फरक मान्य होता.

प्रदर्शनाचा नियमही बदलला. दुसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागेल असं काही करायचं नाही. पहिल्या वर्षी टेबलं जरा ओकीबोकी दिसली. एका गटाने तर शाळेतल्या गळक्या तोट्या दुरुस्त करून तेवढ्याच दाखवल्या. पालकांनी फोटो कमी काढले. पण मागच्या बाजूला काही जळलं नाही.

रजेवरच्या बाई परत आल्या. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून सांगितलं, "सुटलात. तास परत देते त्यांना."

सर खिशावरची खडूची धूळ झटकत उभे राहिले. मग म्हणाले, "त्यांना चालणार असेल तर दोघं मिळून घेऊ. पुस्तक त्या चांगलं शिकवतील. मला पाइपाचं बघायचंय अजून."

प्रश्नावलीचा वर्ग आठवीत गेला तेव्हा भांडण लागलं. आठवीची खोली समोरच्या इमारतीत, तीही पश्चिमेकडे तोंड करून. मुलं म्हणाली, आम्ही सातवीतून हलणार नाही, वेल आमचा आहे. नवी सातवी म्हणाली, खोली आमची आहे. प्रकरण मोठ्या बाईंपर्यंत गेलं. त्यांनी हात टेकले आणि सरांकडे पाठवलं. दोन्ही वर्ग गच्चीवर समोरासमोर उभे, मध्ये सर.

"भिंत तिकडे पण आहे की," सर म्हणाले.

"पण तिकडे गच्ची नाही," प्रश्नावली म्हणाली. "कुंड्या ठेवणार कुठं? आणि बेसिन खालच्या मजल्यावर आहे, पाणी वर कसं चढणार?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शिक्षक असं सहसा म्हणत नाहीत. मग नव्या सातवीतला एकजण म्हणाला, "वर कशाला चढवायचं? वेल खालूनच लावा ना, जमिनीतून." "जमिनीला फरशी आहे." "उचकटू." "मोठ्या बाईंना कोण विचारणार?" सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. तोवर प्रश्नावली जिन्याकडे निघालीच होती. फरशीच्या फटी मोजायला पट्टी हवी होती तिला. तिच्यामागे आठवी, आठवीमागे सातवी, आणि सगळ्यांत शेवटी ‘हळू, जिन्यात ढकलू नका’ असं ओरडत सर.